हरकत नसलेलं गाव

मोबाइल वाजला तेव्हा उज्ज्वला कारंडे अंगणवाडीच्या ओट्यावर खिचडी ढवळत होती. डाव पातेल्यात तसाच ठेवून तिने पदराला हात पुसले आणि निरोप उघडला.

"अभिनंदन! आज सकाळी अकरा वाजता झालेल्या हिवरदरा ग्रामसभेत आपण सक्रिय सहभाग घेतलात. लोकशाही बळकट केल्याबद्दल आपले आभार."

सकाळी अकरा वाजता उज्ज्वला सव्वीस पोरांची वजनं घेत होती. पण त्यात नवल काही नव्हतं. असा निरोप दर महिन्याला साऱ्या गावाला यायचा, आणि सारं गाव तो न वाचता पुसून टाकायचं. आज तिचं बोट थांबलं ते खालच्या ओळीत 'गायरान' हा शब्द दिसला म्हणून.

ठराव क्रमांक तीन. जुन्या सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या फोडून त्यातला धातू काढण्याच्या कारखान्यासाठी गायरानाची बारा एकर जमीन देणे. बाजूने ७४९, विरोधात ५. आपले मत: बाजूने. त्याच्याखाली एक बटण होतं, 'आपले भाषण ऐका'.

तिने ते दाबलं.

"म्हणजे कसंय," उज्ज्वलाचा आवाज म्हणाला. बोलण्याआधी घसा खाकरायची तिची सवयसुद्धा त्यात होती. "गावातल्या पोरांच्या हाताला काम मिळंल. सगळ्यांचं मत पडत असंल तर माझी काही हरकत नाही."

गायरान अंगणवाडीच्या वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर. त्याचा सगळा उतार अंगणवाडीच्या विहिरीकडे. आणि बॅटऱ्यांतलं शिसं पोराच्या रक्तात गेलं की काय होतं, हे उज्ज्वलाने प्रशिक्षणात पाहिलं होतं. चार वर्षांचं मूल आपलं नाव विसरायला लागतं. ते शिसं मग कुठल्या औषधाने पुरतं निघत नाही. मागच्या वर्षी हाच प्रस्ताव आला होता तेव्हा तो फेटाळला गेल्याचं कानावर आल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली होती.

मागे खिचडी करपल्याचा वास आला तरी ती जागची हलली नाही. तिला आपल्याच आवाजाची भीती वाटत होती.

आता एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. हिवरदऱ्याला ग्रामसभा कधीच फारशी आवडली नव्हती. पूर्वी, म्हणजे माणसं सभेला जायची त्या काळातही, ती जायची नाहीतच. शिपाई हजेरीचं पुस्तक बगलेत मारून घरोघर फिरायचा, बायका पिठाच्या हाताने सह्या करायच्या, आणि कागदावर सभा दणक्यात पार पडायची. 'गाव करी ते राव न करी' म्हणायचं आणि गावाने काय केलं ते दुसऱ्या दिवशी शिपायालाच विचारायचं, अशी सगळी तऱ्हा.

म्हणून सहा वर्षांपूर्वी सरकारने 'मतसावली' आणली तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. योजना तशी शहाणपणाची होती. माणसाला सभेला यायला वेळ नाही ना? मग त्याच्या मताला बोलवा. प्रत्येक मतदाराने एक दुपार बसून शंभर प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यात त्याच्या आजवरच्या सार्वजनिक बोलण्याची भर पडायची: जुन्या सभांची ध्वनिमुद्रणं, शाळा समितीच्या बैठका, रेशनच्या तक्रारी, सरकारी फोनवर दिलेले अभिप्राय. यंत्र त्यातून शिकायचं, की अमुक माणूस अमुक प्रश्नावर काय म्हणेल आणि का म्हणेल. मग ठरल्या दिवशी गावच्या सातशे चोपन्न सावल्या यंत्रातच सभा भरवायच्या, एकमेकींशी वाद घालायच्या, एकमेकींचं ऐकून मतं बदलायच्या, आणि अकरा मिनिटांत ठराव छापून बाहेर यायचा. चाचणीच्या वेळी शंभरातल्या चौऱ्याण्णव सावल्यांनी माणसासारखंच मत दिलं होतं. नवरा-बायकोचंसुद्धा एवढं जमत नाही, असं तेव्हाचे मंत्री म्हणाले होते आणि लोक हसले होते.

घरात चार भिंतींआड माणूस जे बोलतो ते मात्र यंत्राने ऐकायचं नाही, असा कडक कायदा होता. खासगीपणाची केवढी काळजी! सगळ्यांना तो कायदा फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी पोरांना लवकर घरी सोडून उज्ज्वला ग्रामपंचायतीत गेली. तिथल्या संगणकावर बसायचा तो तिचा नवराच, धनाजी. मतसावलीचं गावातलं सगळं काम त्याच्याकडे होतं.

"मला माझं मत दुरुस्त करायचंय," ती म्हणाली.

"कसलं?"

"गायरानाचं. माझी हरकत हाय. लिवा."

धनाजीने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "सात दिवसांत दुरुस्ती करता येती. पन मला लिवता येत न्हाई. हितं माइकात बोल."

उज्ज्वला बोलली. पोरं, विहीर, शिसं, उतार, सगळं बोलली. बोलता बोलता आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. यंत्राने तिला मध्ये अडवलं नाही. तिचं झाल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली.

"आपल्या आताच्या विधानाचा आपल्या स्थिर मताशी मेळ बसत नाही. गेल्या बारा वर्षांत आपण सार्वजनिक ठिकाणी ४१२ वेळा मत दिले. त्यांपैकी ४०९ वेळा आपली काही हरकत नव्हती. आताचे विधान 'क्षणिक भावना' म्हणून नोंदवले आहे. तीस दिवसांनी आपल्याला पुन्हा विचारण्यात येईल. काळजी घ्या."

"म्हणजे मी खोटं बोलतीया?"

"खोटं न्हाई गं. रागाच्या भरात बोलतीयास, एवढंच म्हणतंय ते."

"आन् तुमी काय म्हणता?"

धनाजी उत्तर देणार होता, पण त्याची नजर आधी पडद्याकडे गेली. हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो उगाच खुर्ची मागेपुढे करू लागला.

चारशे नऊ वेळा. उज्ज्वला बाकावर बसली आणि आठवू लागली. अंगणवाडीच्या छताची दुरुस्ती पुढच्या वर्षी केली तर चालेल का ताई? माझी काही हरकत नाही. पोषण आहाराची गाडी पंधरवड्याने येईल. हरकत नाही. मोठ्या माणसांपुढे, साहेबांपुढे, चारचौघांत बाईमाणसाने विषय संपवायचा असतो, वाढवायचा नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सगळी भांडणं तिने जपून घरी आणली होती आणि चुलीपुढे धनाजीशी केली होती. आणि चुलीपुढचं यंत्राला ऐकायची बंदी होती.

"पर गेल्या साली तर नाकारलं होतं गावानं," ती म्हणाली. "मग एका वर्षात काय झालं?"

तिचा जीव शांत व्हावा म्हणून धनाजीने तिला आधार-नकाशा दाखवला, आणि तिथेच सगळं फिसकटलं. जो माणूस कधी स्वतःचं मत बोललाच नाही त्याची सावली घडवायची कशी, हा यंत्रापुढचा मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर यंत्राने शोधलं होतं ते असं: न बोलणारा माणूस कुणाचं ऐकून मान डोलावतो ते पाहायचं आणि त्याचं मत त्या बोलणाऱ्याला टेकवायचं. नकाशात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि कोण कुणाला टेकलंय त्याच्या रेघा. मागच्या वर्षीच्या नकाशात चारशेच्या आसपास रेघा एकाच ठिपक्याला जाऊन मिळत होत्या.

"हा कोन?"

"दगडूनाना."

दगडूनाना पिसाळ म्हणजे एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक. पिशवीभर अर्ज घेऊन फिरायचे. टाकीचं झाकण कुठं गेलं, शाळेची घंटा कुणी नेली, गायरानाची मोजणी कुणाला विचारून केली. पूर्वीच्या सभांना खरोखर हजर राहणारा हा एकच माणूस, आणि त्याला पाहून लोक वाट बदलायचे. सावल्या आल्यावरही त्यांचं थांबलं नाही. दर महिन्याला पंचायतीत येऊन ते माइकात तासभर भांडून जायचे. गावाने त्यांना जन्मभर हसून घेतलं, पण अभिप्रायाचा सरकारी फोन आला की 'नाना म्हणतात तसंच' म्हणून गाव मोकळं व्हायचं. श्रावणात ते साध्या तापाने गेले.

"नाना गेले, मग त्यांचा ठिपका काढला," धनाजी सांगत होता. "नियमच हाय. मेलेल्या माणसाचं मत चालत न्हाई. मग त्यांला टेकलेल्या सावल्या सरकल्या दुसरीकडं."

"म्हंजे एकाबी जित्या माणसाचं मत बदललेलं न्हाई?"

"न्हाई."

"तरी गावाचं बदललं."

धनाजीने मान खाजवली. "तसं बघितलं तर, व्हय."

चारशे माणसांचा नकार एका म्हाताऱ्याच्या अंगात राहत होता आणि त्याच्याबरोबर सरणावर गेला होता. आणि नकार आपला होता हे त्या चारशेंना आजही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी जेवताना धनाजी म्हणाला, "हे बघ, कशाला हात दाखवून अवलक्षण? सरपंच बाई वाईट न्हाईत. कामं मिळतील. आन् खरं सांगू का, तुझी सावली लई समजूतदार हाय."

"तुमाला काय ठावं?"

तो म्हणाला, की त्यांच्या लेकीला, तेजलला, सांगलीच्या वसतिगृहात घालायचं ठरवलं तेव्हा त्याने आधी सावलीलाच विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली हरकत नाही, म्हणून त्याने फॉर्म भरून टाकला.

उज्ज्वलाला तो दिवस आठवत होता. धनाजी फॉर्म घेऊन आला, 'मला माहीतच होतं तू न्हाई म्हणणार न्हाईस' म्हणाला, आणि तिला वाटलं होतं, एवढं ओळखतो नवरा आपल्याला! पोरगी एवढ्यात लांब जाऊ नये असं तिला वाटत होतं. पण भरलेला फॉर्म बघून ती गप्प बसली होती. ते गप्प बसणंही यंत्राने कुठेतरी मांडून ठेवलं असेल. तिने ताट बाजूला सारलं.

एक वाट उरली होती. कायद्यात चौदावं कलम होतं, कुणी कधी न वापरलेलं. सात दिवसांच्या आत शंभर जिवंत मतदार समक्ष सभेत आले, तर सावल्यांचा ठराव तहकूब होतो. आलेल्यांनी माइकावर बोलायचं, ते बोलणं सगळ्या सावल्यांना ऐकवायचं, आणि सावल्यांनी पुन्हा मतं द्यायची. अशा वेळी समक्ष बोललेलं 'क्षणिक' म्हणून बाजूला टाकता येत नाही.

पाच दिवस उज्ज्वला दारोदार फिरली. अंगणवाडीच्या ताईला गावात मान होता. तिने प्रत्येकाचं पोर कडेवर घेतलेलं होतं. कुणी तिला दारातून परत पाठवलं नाही. चहा झाला, लाडू झाले.

"सभेला यायचं? आमची सावली असती की तिथं."

"सावलीला पानी प्यायचं न्हाई, वयनी. तुमच्या नातीला प्यायचंय."

"ते बी खरंच म्हना. येते मी."

सगळे येतो म्हणत होते. एकानेही नाही म्हटलं नाही, आणि पाचव्या दिवशी याचंच तिला भय वाटू लागलं. तोंडावर नाही म्हणायची या गावाला सवयच नव्हती. हे सगळे मला हो म्हणतायत तसेच सरपंचांनाही म्हणत असतील, हे तिला कळत होतं. तरी ती फिरत राहिली, कारण घरी बसली की कानात तो घसा खाकरल्याचा आवाज यायचा.

सरपंच मनीषाताई शिंगटे वाटेत भेटल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "ताई, लोकांना कशाला त्रास? तुमची सावली सभेत किती छान बोलली. तुमच्यापेक्षा छान बोलली, खरं सांगते." त्या मनापासून बोलत होत्या. म्हणूनच उज्ज्वलाला त्यांच्यापुढून पळून जावंसं वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी अकराला शाळेच्या पटांगणात एकशे चार माणसं जमली. धनाजीने दोनदा मोजली. गाव असं एकत्र कधी बसलंच नव्हतं. हात कुठं ठेवायचे, कुणाकडं बघायचं, काही कुणाला सुचेना. बहुतेकांनी मोबाइल काढले. पुढे टेबलावर मोठा पडदा लावला होता, त्यावर गावाचा नकाशा, सातशे चोपन्न ठिपके. टेबलाच्या कडेला कारखान्यातर्फे आलेला एक तरुण अधिकारी वही घेऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं आदबशीर.

"कोण बोलणार?" सरपंचांनी विचारलं.

सगळ्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. धनाजीने तिच्या हातात माइक दिला.

"म्हणजे कसंय," ती म्हणाली, आणि थांबली. घसा खाकरला गेला. पुढचं वाक्य जिभेवर आयतं येऊन बसलं होतं, बारा वर्षांचं सरावाचं वाक्य, आणि ते बाहेर पडलं असतं तर सगळे सुटले असते. समोर बायकांच्या मांड्यांवर तिच्या अंगणवाडीतली पोरं बसली होती, आणि त्यातलं एक चपलेची पट्टी चघळत होतं.

"माझी हरकत हाय," ती म्हणाली.

मग मात्र कुणी थांबवलं असतं तरी ती थांबली नसती, इतकं ती बोलली. गायरानाचा उतार सांगितला. शिशाला वास नसतो, चव असलीच तर गोडसर असते, म्हणून पोरं माती चाटतात, हे सांगितलं. कारखाना हवा असेल तर ओढ्यापलीकडे करा, पाण्याची तपासणी गावाच्या हातात द्या, असं म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, "मला एकटीलाच बोलाया लावू नका. तुमी बोला. ज्याला कारखाना पायजे त्यानं बी बोलावं. मी ऐकीन. पन आपल्या तोंडानं बोला."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, हाताच्या. माइक पहिल्या रांगेत गेला.

"मी काय येगळं सांगनार," पहिली बाई म्हणाली. "ताई म्हनत्यात तसंच."

दुसरा म्हणाला, "ताईंचं बराबर हाय."

"ताई म्हनतील ते."

"माझं बी तेच."

माइक हातोहात सरकत होता आणि प्रत्येक वाक्याबरोबर पडद्यावरची एक रेघ आपल्या जागेवरून सुटून एका ठिपक्याकडे वळत होती. उज्ज्वला ते बघत होती. आधी तिला हायसं वाटलं. चाळिसाव्या माणसापर्यंत ते हायसं वाटणं उरलं नाही. एकाने तरी वाद घालावा म्हणून ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. ज्याच्या दोन्ही पोरांना काम नव्हतं तो कारखान्याच्या बाजूने बोलेल अशी तिला आशा होती. तोही म्हणाला, "ताई म्हनत्यात तसंच."

माइक रूपा लोखंडेकडे आला. तिची ओवी त्याच विहिरीचं पाणी प्यायची. "रूपा, तू तरी तुझं सांग," उज्ज्वला जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली. "ओवीबद्दल सांग."

रूपा लाजली. "मला न्हाई बाई तुमच्यावानी बोलता येत. तुमी बोललात त्यात सगळं आलं."

मग सावल्यांनी अकरा मिनिटं घेतली. ठराव पडला. बाजूने १९, विरोधात ७३५. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली, आणि ओझं उतरल्यासारखे सगळे उठून कपडे झटकू लागले.

पडद्यावरचा नकाशा आता अगदी साधा झाला होता. मध्ये एक ठिपका आणि सगळ्या रेघा त्याच्याकडे. दगडूनानांकडे कधी एवढ्या नव्हत्या. सरपंच निमूट कागद गोळा करत होत्या. कारखान्याचा अधिकारी पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने धनाजीला आदराने विचारलं, "ताईंचं वय काय हो?"

"चव्वेचाळीस," धनाजी अभिमानाने म्हणाला.

अधिकाऱ्याने ते वहीत लिहून घेतलं. "तब्येत वगैरे ठीक असते ना?"

"एकदम. थोडं बीपी हाय, बाकी काय न्हाई."

उज्ज्वलाने हे ऐकलं. धावत जाऊन नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा असं तिला वाटलं. पण पटांगण रिकामं होत चाललं होतं. तिने जाणाऱ्या रूपाचं मनगट गच्च धरलं.

"आगं दुखतंय, ताई."

"रूपा, ऐक. मला एक वाक्य बोलून दाखव. कारखाना हवा का नको, आन् का. चुकीचं बोललीस तरी चालंल. माझ्याइरुद्ध बोल, पन तुझं बोल. आत्ता, हितं, कुणी ऐकत न्हाई."

रूपा गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. तिने खरंच विचार करून पाहिला असावा. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, पण त्यातून शब्द निघाला नाही. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"थांबा हां," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने मोबाइल काढला. "माझं काय मत हाय ते बघून सांगते."